चौदाव्या मजल्यावरचा जांब

लालबाग, २४ मार्च

अहो,

नमस्कार. हा रागातला नमस्कार आहे, तसाच घ्या.

शिमग्याला गावी जातो, आठ दिवसांत येतो म्हणालात. पालखी घरोघर फिरून देवळात परत गेली, तुमचा पत्ता नाही. फोन करावा तर तुम्ही तिकडून "कोण? कोण?" करता, मी इकडून बोंबलते आणि शेजारच्या बाल्कनीतून राधाबाई मध्येच उत्तरं देते. परवा तर तुम्ही मला "राँग नंबर" म्हणून फोन ठेवलात. एवढा संसार केलेल्या बाईला राँग नंबर! कानाचं मशीन इथे ट्रंकेत ठेवून जायचं आणि वर दुसऱ्यांनाच म्हणायचं की तोंडातल्या तोंडात बोलता. म्हणून हे पत्र लिहायला बसले. वाचता तरी येतं ना अजून?

आधी एक लिहून ठेवते, मी तुमच्या बाजूची आहे. ग्रहणात न फळणाऱ्या झाडाला मुसळाचा मार द्यायचा म्हणजे ते धरतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. माझ्या माहेरी आम्ही फणसाला दिला होता. पण अहो, तो फणस घरामागच्या परड्यातला होता. हा जांब चौदाव्या मजल्यावरचा, आर्किटेक्टने नकाशात काढलेला. आपल्या बाल्कनीत असला म्हणून काय आपला झाला? पान तोडायचं नाही, फांदी वाकवायची नाही, पाणीसुद्धा घालायचं नाही, ते पाइपातून आपोआप येतं. आपल्या नळाला सकाळी तेवढंच, झाडांना मात्र दिवसभर. तुम्ही त्याला मासे धुतलेलं पाणी घालत होतात तेव्हाच मी सांगत होते, कावळे जमतात, कुणीतरी बोलेल. ऐकलंत?

तुम्हीच म्हणायचात ना, चाळ पाडून आपल्याला ही इमारत दिली आणि अंगभर झाडं लावली, ती काय आपल्या सावलीसाठी नव्हेत. मागच्या मोठ्या टॉवरात कोटी मोजून आलेल्यांना आपल्या वाळत घातलेल्या लुंग्या दिसू नयेत म्हणून. मग त्यांचं लक्ष आपल्या झाडांवर असणारच की. तुम्ही मुसळ उचललंत आणि तिकडून कुणीतरी मोबाइल उचलला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तुमचा फोटो, मुसळाभोवती लाल गोल, आणि खाली मोठ्या अक्षरांत झाडांना इजा करणाऱ्यांची गय केली जाणार नाही. तो कागद मी नखांनी खरवडून काढला. कमिटीचे हितेंद्रभाई विचारत होते कुणी काढला. म्हटलं, वाऱ्याने गेला असेल. लिफ्टमध्ये कसला डोंबलाचा वारा, पण मान डोलावून निघून गेले.

विनीत तुम्हाला, सख्ख्या बापाला, सगळ्या मजल्यासमोर बोलला, "अक्कल आहे का" म्हणाला, हातातलं मुसळ हिसकावलं. चुकलंच त्याचं. मी त्याला सोडलेलं नाही, रोज ऐकवते. पण एक सांगू? तो झाडावरून नाही चिडला. कशावरून, ते मला विचारू नका. मी सांगणार नाही, मला शपथ घातलेली आहे.

मेघना चार दिवस गिरगावला माहेरी गेलीय. बँकेत रजा टाकलीय. तब्येत बरी आहे. सुनेची चौकशी तुम्ही करणार नाहीच, म्हणून आपणहून कळवते.

या आता. तुमची खुर्ची बाल्कनीत तशीच आहे, तिच्यावर पानं पडतात, मी झाडते.

तुमची
यशोदा


लालबाग, १३ एप्रिल

अहो,

पत्राला उत्तर नाही. पोस्टमनला मी दोनदा जिन्यात अडवलं, तो आता मला बघून लिफ्ट बदलतो.

पण आजची बातमी ऐकाल तर उडालच. आपला जांब न फळणारा नाहीच मुळी!

झालं काय, सकाळी दहाच्या सुमाराला मी बाल्कनीत तांदूळ निवडत बसले होते. एकदम वरून दोन पाय आले. घाबरून माझ्या मांडीवरचं सूप खाली. मग कळलं, ती झाडं भादरणारी माणसं, दोरावरून लटकत येतात ती. एरवी ती येतात तेव्हा पडदे ओढून घ्या म्हणून फोनवर सूचना येते आणि आपण मेले निमूटपणे पडदे ओढतो. आज मी बघितलीच नव्हती सूचना. तर तो माणूस जांबाच्या फांदीशी आला, दोराला लटकून जरासा झुलला, आणि काय करत होता ठाऊक आहे? कळ्या खुडत होता. हिरव्या, टपोऱ्या कळ्या, बाहेरच्या अंगाला, आपल्याला आतून कधी न दिसलेल्या बेचक्यांत गच्च भरलेल्या. पटापटा खुडायच्या आणि कमरेच्या पिशवीत टाकायच्या.

मी म्हटलं, "अरे भाऊ, ये क्या करता है? फल आएगा ना उसको!"

तो म्हणाला, "फल नहीं आना चाहिए, माताजी. नीचे गाड़ी लगती है. बच्चे खेलते हैं. चौदा माले से गिरेगा तो?"

बघा! दर मोसमात येतात आणि खुडून नेतात. तुम्ही त्या वेळेला भाऊच्या धक्क्यावर पापलेटवालीशी हुज्जत घालत असता, मी पडदा ओढून आत. कुणाला कळणार? आणि तुम्ही आपले रोज पानं उलटीपालटी करून बघताय, माती उकरून बघताय, शेवटी मुसळ घेऊन उभे! मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, आणि मग कळेना, डोळ्याला पाणी कसं लागलं. बिचारं दर वेळी धरत होतं हो.

मी विनीतला सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि लॅपटॉप उघडला. मेघनालाही सांगितलं. ती गिरगावहून आलीय परत. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती काही बोलली नाही. म्हणजे बोलली, पण ते राहू दे.

ती हल्ली बाल्कनीत जात नाही. पडदा ओढून ठेवते दिवसासुद्धा. घरात ट्यूबलाइट लावून भाजी चिरायची, बाहेर एवढा उजेड असताना. आधी तिथेच बसायची की नाही, बुलबुलाने घरटं केलं तेव्हा तुम्ही दोघं तासन्‌तास बघत होता. ती तुम्हाला खुणेने सांगायची पिल्लू कुठे आहे ते. आता मी पडदा सरकवला की ती उठून आत जाते. म्हणून मीच सरकवत नाही.

जेवते थोडंसं. मी जास्त वाढलं की ताटातलं विनीतच्या ताटात ढकलते.

तुमचं रक्तदाब मोजणं चालू आहे का? गोळी सकाळची आहे, आठवली तेव्हाची नव्हे.

यशोदा


लालबाग, २ मे

अहो,

आंब्याची पेटी पोचली. बसवाल्याने परळच्या नाक्यावर उतरवली, विनीत खांद्यावरून घेऊन आला.

गवत सगळं बाहेर काढलं. आंबे एकेक करून काढले. पेटी पालथी करून झटकली. तुमच्या हातचं एक अक्षर निघालं नाही. काय माणूस आहात हो तुम्ही! आंबे काय मला क्रॉफर्ड मार्केटात मिळत नाहीत?

विनीत पेटीजवळ उकिडवा बसला होता. एक आंबा नाकाशी धरून म्हणाला, "आपल्या वरच्या कलमाचा आहे ना, आई?" मी म्हटलं, ज्याने पाठवला त्याला विचार. तर तोंड वळवलं त्याने. बाप तसा लेक. दोघांना एका खोलीत कोंडावं आणि बाहेरून कडी घालावी असं वाटतं मला, पण तुम्ही खोलीत असायला हवात ना आधी.

खोटं कशाला लिहू, मला तुमच्याशिवाय करमत नाही. हॉलमध्ये एकटी निजते. तुमच्या घोरण्याने झोप लागत नाही म्हणून भांडायचे, आता त्याच्यावाचून लागत नाही. झालं समाधान?

दोन ओळी लिहा. शिव्या लिहा हवं तर.

यशोदा


लालबाग, ११ मे

अहो,

लिहिल्यात एकदाच्या. तुमचं पत्र काल आलं. मी ते बाथरूममध्ये जाऊन वाचलं आणि बरं झालं तिथेच वाचलं.

विनीतने हात जोडून बोलावल्याशिवाय येणार नाही, हे ठीक. तुमचा स्वभाव आहे, तो काय आता सरणावर सुटायचा. पण त्याखाली जे लिहिलंत, की हे सगळं मेघनाचं काम, शहरातल्या शिकलेल्या पोरीला आपल्या रीती गावंढळ वाटतात, तिने विनीतचे कान भरले, नाहीतर माझा मुलगा माझ्यावर हात उगारेल का... हे वाचून मी पदराचा बोळा तोंडात धरला. आणि मग असा संताप आला म्हणता! तुम्ही समोर असतात तर काय केलं असतं सांगता येत नाही.

आता मला गप्प बसवत नाही. काल संध्याकाळी मेघना इस्त्री करत होती, मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मेघना, तू मला शपथ घातलीस. ती तू सोडव. अप्पांना सांगायला हवं." तुमचं पत्र नाही दाखवलं. तेवढी अक्कल मला आहे. ती बराच वेळ एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली. मग म्हणाली, "सांगा. पण त्यांनी नवस बोलायचा नाही."

तर ऐका. खुर्चीत नीट बसा आणि ऐका.

लग्नाला आठ वर्षं झाली, तुम्ही कधी विचारलं नाहीत. त्याबद्दल मी मनात तुमचे आभार मानत आलेय. पण त्यांचे उपाय चालू होते. फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात इंजेक्शनं असायची, तुम्ही विचारलंत तेव्हा मी डोळ्याचं औषध म्हणून सांगितलं. ती इंजेक्शनं पोरगी स्वतः पोटात टोचून घ्यायची आणि मग डबा भरून बँकेत जायची. मी बघितलंय. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली, का तर अप्पा आशेवर राहतील आणि मग मला त्यांच्याकडे बघवणार नाही. तिचे शब्द आहेत हे. कान भरणाऱ्या सुनेचे.

धुळवडीच्या दुपारी दवाखान्यातून फोन आला. ह्या वेळीही राहिलं नाही. आणि डॉक्टर म्हणाले, आता थांबा, शरीराला किती छळाल. मला हे तेव्हा माहीत नव्हतं हो. डोकं दुखतंय म्हणून निजली म्हणाला विनीत. मी बाम दिला.

संध्याकाळी ग्रहण लागलेलं, तुम्ही मुसळ घेऊन बाल्कनीत गेलात. धाड धाड आवाज. आजूबाजूच्या बाल्कन्यांत सगळे आपलेच लोक, चाळीतले, त्यांना किती वर्षांनी मजा आली. मलाही आली. ते ठोके ऐकून मेघना उठून दारात आली. केस मोकळे, डोळे सुजलेले. तुमची पाठ होती. तुम्ही झाडाला म्हणत होतात, "पुढल्या वर्साक फळ व्हया, सांगान ठेवतंय!" आणि राधाबाई पलीकडून टाळ्या पिटत ओरडली, "अप्पानू, जोरात घाला! वांझ झाडाक लाडान सांगान कळणा नाय!"

तुम्हाला नाही ऐकू गेलं. तिला गेलं. तिच्या मागे विनीत उभा होता, त्यालाही गेलं.

त्याने बायकोचं तोंड बघितलं आणि धावत येऊन तुमचं मुसळ हिसकावलं. बोलायचं होतं ते त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून जे तोंडात आलं ते बोलला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडीत बसलात आणि मग त्याने मला सांगितलं. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून रडत. एवढा मोठा घोडा.

आता ते राहिलेलं लिहिते. जांबाच्या कळ्या खुडतात हे मी मेघनाला सांगितलं तेव्हा ती काय बोलली ते. मी आपली हौसेने सांगत होते, "अगं, झाडात दोष नव्हताच! धरत होतं ते, लोकच खुडून नेत होते. उगीच मार खाल्ला बिचाऱ्याने." तिने माझ्याकडे बघितलं. शांतपणे म्हणाली, "आणि खरंच फळत नसतं तर, आई? मग मारलेलं चाललं असतं?"

  ह्याचं उत्तर तुमच्याकडे असलं तर कळवा.

तुम्ही वाईट मनाने काही केलं नाहीत, ते मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे, असं मला वाटतं. पण ती पडदा उघडत नाही. आणि मला माझं घर असं अंधारं बघवत नाही. तुमची रीत, त्याचा राग आणि तिचं दुःख, तिघांच्या मध्ये मी उभी आहे. तुम्ही मात्र तिकडे बसून त्या पोरीला बोल लावताय. नाही सहन होत मला.

ह्या पत्राचं उत्तर मला नको. तिला द्या.

यशोदा


लालबाग, २५ मे

अहो,

पाकिटावर "सौ. मेघना" बघून पोस्टमनसुद्धा चमकला. मला म्हणाला, आजी, ह्या वेळी तुमचं नाही. म्हटलं, ठाऊक आहे, दे इकडे.

संध्याकाळी ती बँकेतून आली, मी पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि उगाच कांदे चिरायला घेतले. भाजीला कांदा लागणार नव्हता. ती बूट न काढता तशीच उभी राहिली. मग पडदा सरकवला आणि बाल्कनीत गेली! तुमच्या खुर्चीवरची पानं हाताने खाली लोटली, बसली, पत्र वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मी इकडून मान वेळावतेय, चेहरा दिसतो का. जांबाची फांदी मेली नेमकी मध्ये.

काय लिहिलंय म्हणून विचारायला माझी जीभ शिवशिवत होती. विनीतने डोळे वटारले म्हणून गप्प राहिले. जेवणं झाली. भांडी घासता घासता तीच म्हणाली, "आई, तुम्हाला ऐकायचंय ना?" मी म्हटलं, "छे गं, तुझं पत्र आहे ते." ती चक्क हसली. शिमग्यानंतर पहिल्यांदा. आणि हात पुसून तिने मधला तेवढा भाग वाचून दाखवला.

तुमचंच तुम्हाला परत लिहिते, कारण मला ते पाठ झालंय. "मेघना, मी बहिरा माणूस. झाडाला ऐकू येतं असं धरून त्याला ओरडत होतो. पाठीमागे तू उभी आहेस हे वळून बघितलं नाही. तू तुझ्या सासूला विचारलंस की झाड खरंच फळत नसतं तर मारलेलं चाललं असतं का. मी तीन दिवस विचार केला. नसतं चाललं. आमच्या वाडवडिलांनी मारलं, मीही मारत आलो, पण नसतं चाललं. तू नवस बोलू नका म्हणालीस. बोललेलो नाही. देवळात गेलो होतो, नुसता बसून आलो."

पुढचं तिने वाचलं नाही. घडी करून पर्समध्ये ठेवलं. पुढे काय लिहिलंत ते मला कधीतरी सांगा, नाहीतर मी कुढून मरेन.

मी रडले, त्यात लाजायचं काय. विनीत उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिला, खूप वेळ. तुमच्याशी बोलायचं म्हणतो पण फोनवर ओरडून माफी कशी मागायची, असा त्याला प्रश्न पडलाय. मी म्हटलं, मग लिही की. तर म्हणे मराठीत लिहायची सवय गेली. घ्या!

तुमच्यावर इतके दिवस रागावले होते, पण आज तुमचा फार अभिमान वाटला. हे पत्र जपून ठेवा, असं मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

तुमची
यशोदा


लालबाग, ३० मे

अहो,

हे पत्र पोस्टाने येत नाही. ज्या हाताने आलंय तो बघा. आधी तिला आत घ्या, पाणी द्या, मग वाचत बसा.

तुम्हाला न्यायला आलेली नाही ती. मी आधी तसंच समजले होते. मुसळावरून झालं ते झालं, आता सून जाऊन सासऱ्याला घेऊन येते, सगळं गोड. मी आपली खूश होऊन बेसनाचे लाडू वळायला घेतले. तर ती म्हणाली, "आई, मी त्यांना आणायला जात नाही. मला आठ दिवस तिथे राहायचंय. अप्पांजवळ." विनीत म्हणाला, मीही येतो. ती म्हणाली, तू शनिवारी ये. बिचाऱ्याचं तोंड उतरलं, पण मान डोलावली. तो शनिवारी येईल. मग तुम्ही बाप-लेक काय ते बघून घ्या, माझे लाडू दोघांत वाटून खा, फक्त एकमेकांना पाठ दाखवू नका.

तिला घरात एकटं वाटेल म्हणून उगाच बडबड करू नका. तिला उशिरापर्यंत निजू द्या. मागच्या दारी पायरीवर बसली तर बसू द्या. रडली तर रडू द्या, देवाचा अंगारा लावायला धावू नका. विचारून तर काहीच नका. ती सांगेल ते ऐका, आणि त्यासाठी ट्रंकेतलं मशीन मी तिच्याबरोबर पाठवलंय. पेटीत, साड्यांच्या खाली आहे. घाला. तिला ओरडून बोलायला लावू नका.

आता मुख्य गोष्ट. त्यासाठीच हा कागद घेतला.

ती लग्नानंतर गणपतीला दोनदा आली तेवढीच, तेव्हा घर भरलेलं होतं, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ह्या वेळी एकटी येतेय. रिक्षातून उतरायच्या आत वाडीभर कळेल. गावच्या बायका आहेत, वाईट नाहीत, तुम्हीही जाणता आणि मीही. पण पहिला प्रश्न कुठला येणार, ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तुमची काकी तर तिला पायावर पाणी घेऊ द्यायची नाही, त्याच्या आधी विचारील. विहिरीवर विचारतील. देवळात ओटी भरताना विचारतील आणि नारळ ओटीत टाकता टाकता कुणीतरी तोंडभर आशीर्वाद देईल.

इथे मी असते. मी कुणालाही फाडून खाते. तिथे मी नाही, विनीत नाही. तिथे तुम्ही एकटे आहात.

तेव्हा तिच्या मागे राहू नका. पुढे व्हा. अंगणात, विहिरीवर, देवळात, ती जाईल तिथे तिच्या आधी पोचा. आणि कुणी काही विचारायच्या आत तुम्हीच सांगा, चांगल्या खणखणीत आवाजात, ही आमची मेघना.

कुणी पुढे विचारलंच, तर पुन्हा तेवढंच सांगा.

तुमची
यशोदा